मंगळवारचा चहा

बुधवारी सकाळी साडेदहाला रसायनाची प्रॅक्टिकल परीक्षा होती, आणि मंगळवारी दुपारी चंद्रा बेळगावात नव्हतीच. गुंजी स्टेशनापासून कोसभर आत, सासरच्या गावी, गोठ्यातल्या खाटेवर वही उघडून बसली होती. मांडीवर दहा महिन्यांचा शामू.

गावची लक्ष्मी यंदा बारा वर्षांनी जत्रेला बसायची होती. म्हणून महिनाभर आधीपासून मंगळवारचे वार पाळायचे. त्या दिवशी उगवतीपासून दिवेलागणीपर्यंत गावात विस्तव पेटत नसे. चूल नाही, बिडीसुद्धा नाही. सगळ्यांनी आदल्या दिवशीची भाकरी आणि दहीभात खायचा. बेळगावला टिळकवाडीत बिऱ्हाड केलेल्या चंद्रासारख्यांनीही वाराला गावी हजर राहायचं. "परीक्षा वर्साला येती, लक्ष्मी बारा वर्सानं," असा सोनाबाईंचा, म्हणजे तिच्या सासूबाईंचा, निरोप आला होता. त्यावर बोलायला जागा नव्हती.

कॉलेजात नाव घालतानाच त्यांनी ठरवून टाकलं होतं, की पहिलं वर्ष एका दमात सुटलं तर पुढं शीक, न्हायतर पोरगं सांभाळ. लेखी पेपर चांगले गेले होते. उरलं होतं ते प्रॅक्टिकलला ज्वालेच्या रंगावरून एक सॉल्ट, म्हणजे क्षार, ओळखणं. ते चुकलं तर साल गेलं, आणि सालाबरोबर कॉलेजही. वर्गातले मुलगे तिला पाठीमागं 'मावशी' म्हणत, पण ज्वालेचे रंग त्यांच्यापेक्षा तिलाच पाठ होते. शाईच्या दौतीला पत्र्याचं झाकण आणि कापसाची वात लावून तिनं स्पिरिटचा दिवा केला होता. रविवारी पेन्सिलीच्या शिसाच्या टोकावर मीठ आणि मोरचूद धरून पिवळा, हिरवा रंग पुन्हापुन्हा पाहिला होता. आज दिवा पिशवीतच होता. ती नुसती पानं उलटत होती, आणि शामू प्रत्येक पानावर थापट्या मारत होता.

जोतिराम गोठ्यात आला तो कपाळ दाबतच. तिचा नवरा बेळगावात एका वकिलाकडं कारकून होता. दिवसाकाठी सहा कप चहा लागणारा माणूस.

"अगं, तुझी ती दौत आणलीस न्हवं?"

"का?"

"जरा पेटव. घोटभर पाणी तापलं की झालं."

"वार आहे आज."

"वार चुलीला. दौतीला कसला वार? आणि स्पिरिटचा जाळ उजेडात दिसत न्हाय, तूच सांगतेलीस."

"मी पेटवणार नाही."

"नको पेटवू. काडेपेटी हाय माझ्याकडं."

खिशातून चहाची पूड निघाली, साखरेची पुडी निघाली. म्हणजे ठरवूनच आला होता. चंद्रा दारात उभी राहून अंगणावर नजर ठेवत राहिली. पेला अर्धा झाल्यावर त्यानं तो तिच्यापुढं धरला, तेव्हा दोन घोट तिनंही घेतले. डोकं तिचंही सकाळपासून ठणकत होतं.

दिवेलागणीला शामूचं अंग तापलं. तिच्या आधीच ध्यानात आलं होतं. पोरगं एकदा ओढून छाती सोडत होतं, कान लाल झाले होते. शेजारची गुणाबाई त्याला बघायला आली. झबलं वर करून म्हणाली, "अजून अंगावर फोड काय दिसत न्हाईत. पण सोनाक्का, गोठ्यात कसला वास मारतोय गं? दवाखान्यासारखा?"

सोनाबाई वासावर गेल्या आणि दौत घेऊन आल्या. वात काळी झालेली.

"चंद्रे, आज पेटीवलंस?"

चंद्रानं जोतिरामकडं पाहिलं. तो सदऱ्याचं बटण चाचपत होता. ती म्हणाली, "यांनी चहा केला. मी नाही पेटवला."

आधी गुणाबाई हसली. "जोतिबानं? आगं, त्येला पाणी तापलं का आटलं कळत न्हाय!" सोनाबाईंनाही हसू आलं. "बोल की रं, तू केलास चहा?"

"मला चूल तरी कधी पेटवता आली गं आई?" असं म्हणून तोही हसला.

सोनाबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पोराला उचलून देव्हाऱ्यापुढं ठेवलं आणि एवढंच म्हणाल्या, "पदर पसर. पोरगं तुझं हाय."

ताप कशानं येतो हे चंद्राला ठाऊक होतं. गेल्या साली वरच्या आळीत देवी आल्या आणि दोन पोरं गेली, हेही ठाऊक होतं. तिनं पदर पसरला. "चुकलं," ती म्हणाली, "याचा ताप उतरू दे, मी परत त्या पुस्तकांना हात लावणार नाही."

पुस्तकांचं तिला कुणीच बोलायला सांगितलं नव्हतं.

उजाडता उजाडता ताप उतरला. तिनं शामूच्या तोंडात बोट घातलं, तर खालच्या हिरडीवर काहीतरी टोचलं.

"आत्याबाई, दात! दाताचा ताप होता!"

"दात तर हायच. उतरवला कुणी?"

जोतिराम कोट चढवून तयार होता. "चल, सातची गाडी गावंल. शामूला आई बघती."

"आणि काल मी बोलले ते?"

"भ्यालीस म्हणून बोललीस."

"मग आत्याबाईंना सांगा, चहा तुम्ही केला म्हणून. माझ्यावर काही राहणार नाही. येते मी."

त्यानं चुलीकडं नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "आता कशाला उकरतीस? लक्ष्मीच्या रथाच्या दोरीला पहिला हात आपल्या घरचा. गावकीला कळलं तर मान जाईल."

"आणि माझं?"

"तू बाईमाणूस. तुला कोण विचारतंय?" तो तिला धीर द्यायलाच हे बोलत होता.

तिनं पिशवी खांद्याला लावली. स्टेशनची वाट तिच्या पायाखालची होती, एकटीही गेली असती. सोनाबाईंनी पोरगं घ्यायला हात पुढं केले. "जा की. कुणी धरलंय तुला? पण परत ताप चढला तर माझ्याम्होरं रडू नगंस."

चंद्रानं शामूच्या कपाळावर हात ठेवला. गार. पुन्हा ठेवला. गारच. तिसऱ्यांदा ठेवला तेव्हा कपाळ कढत आहे की आपलाच तळवा, हे तिला कळेना. ती उंबऱ्यावर बसली.

"मी सांगतो तुझ्या सरांना," जोतिराम चप्पल घालत म्हणाला, "पोरगं लई आजारी होतं म्हणून."

तो सांगणारच होता. सर हळहळणारच होते. पोरगं आजारी म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही.

"सांगा," ती म्हणाली, आणि शामूला पाजायला घेतलं.