मखमलीचा हात

"सर, यंत्रावर घासलेल्या काचांत तसं काही दिसत नाही," प्रयोगशाळेतल्या मदतनीस बाई म्हणाल्या आणि बारा काचांचा ट्रे त्यांनी टेबलावर ठेवला.

सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून वीजदाब हळूहळू वाढवला. दोन काचांच्या फटीत भरलेल्या द्रव स्फटिकाचे रेणू गोल जिन्यासारखा पीळ घेऊन असतात. वीज दिली की तो पीळ सुटतो. काचेलगतचे रेणू मात्र हटत नाहीत, असं सगळे मानत. सरांनी दोन वर्षांपूर्वी उलटं दाखवलं होतं: पीळ आधी काचेपाशीच सुटतो, तोही निम्म्या दाबाला. त्या शोधनिबंधाने उतारवयात त्यांचं नाव झालं होतं.

आज काचेपाशी काहीच हललं नाही. बाराही काचांत.

काचेवर मखमल एकाच दिशेने, सारख्या जोराने फिरवली की रेणू त्या रेघेत घट्ट बसतात. बाई बावीस वर्षं हे हाताने करत होत्या. त्यांच्या हाताशी यंत्र काय खाऊन टक्कर देणार, असं सर सांगत फिरायचे. तीन वर्षांपूर्वी तो हात थरथरू लागला होता. बाईंनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. जोर कमीजास्त व्हायचा, रेणूंची पकड जागोजागी ढिली राहायची आणि तिथेच पीळ लवकर सुटायचा. शंका आली तेव्हा त्यांना अन्न गोड लागेना. शेवटी शेजारच्या विभागातल्या यंत्रावर त्यांनी काचा घासून आणल्या.

हे सगळं त्यांनी खाली मान घालून सांगितलं. सरांच्या निवृत्तीला तीन महिने होते. गप्प बसलं तर कुणाला पत्ता लागणार नाही, हे दोघांनाही कळत होतं.

"तेव्हाच का नाही बोललात?"

"काम गेलं असतं, सर."

सरांनी त्याच दुपारी निबंध मागे घेण्याचं पत्र लिहिलं. बावीस वर्षांतल्या एकाही निबंधात बाईंचं नाव नव्हतं. चूक कुणी शोधली ते लिहावं लागेल, तुमचं नाव घालू का, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, घाला.

आठ महिन्यांनी सरांनी शोधपत्रिकेचा छापील अंक पोस्टाने पाठवला. बाईंचं काम केव्हाच सुटलं होतं. धाकट्या बहिणीने चष्मा लावून निबंध मागे घेतल्याच्या चार इंग्रजी ओळी चाळल्या.

"ताई, तुझं नाव आलंय गं. कशाबद्दल?"

"कामाबद्दल."

बहिणीने अंक बाजूला ठेवला, चहावर फुंकर मारली आणि कप बाईंच्या ओठांशी धरला.