दोघांचं औषध

मित्रांनो, दवाखान्यात तपासणीच्या खाटेपुढे चाकांवर उभा असलेला तीन घड्यांचा पडदा तुम्ही पाहिला असेल, तर तो माझ्याच कुळातला समजा. मी आता म्हातारा झालो आहे. माझ्या लोखंडी नळ्यांचा रंग जागोजागी उडालाय आणि एक चाक फिरायचं सोडून नुसतं घासत येतं. तरी बोलायला मला अजून आवडतं.

माझी चौकट एका वेल्डरने जोडली आणि कापड एका शिंपीणबाईंनी शिवलं. दवाखान्याने एकेरी कापड सांगितलं होतं. बाईंनी ते दुहेरी लावलं. आतल्या बाईला बाहेरची सावली जरी हलताना दिसली, तरी तिचा जीव धास्तावतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या दुहेरी कापडाचा मला आयुष्यभर अभिमान वाटत आला.

मला आणलं ते चपलांच्या दुकानावरच्या एका छोट्या दवाखान्यात. तिथे फक्त बायकांना तपासत. डॉक्टरबाई उंच आणि हळू बोलणाऱ्या. हात धुतले की ते एकमेकांवर चोळून ऊबदार करायच्या आणि मगच पेशंटला हात लावायच्या. सिस्टर त्यांच्या अगदी उलट. अंगाने भरदार आणि तोंडाचा पट्टा सतत चालू. येणारी प्रत्येक मुलगी त्यांच्या लेखी माहेरवाशीण होती, आणि सोबत आलेला नवरा जावईबापू. भिंतींना कान असतात म्हणतात. भिंतींचं मला ठाऊक नाही, पण मला होते. ऐकलेलं मात्र मी कधी इकडचं तिकडे केलं नाही.

एक दिवस एक तरुण मुलगी आली. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवायचं काम करायची. येताक्षणी तिने सिस्टरांचा चष्मा वाकडा बसलाय म्हणून काढून घेतला, दांडी नीट वळवली आणि परत नाकावर चढवला. तेव्हापासून सिस्टर तिला चष्मेवाली म्हणू लागल्या, आणि मीही.

तिला दुखत-खुपत काहीच नव्हतं. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, आता मूल हवं होतं, म्हणून काय काळजी घ्यायची ते विचारायला ती आली होती. डॉक्टरबाईंनी इतर तपासण्यांबरोबर आणखी एक करायला सांगितली. तिच्या वयाच्या सगळ्याच मुलींची आपण ती करतो, म्हणाल्या. चष्मेवालीने माझ्याआड जाऊन स्वतःच कापसाच्या काडीने नमुना घेतला आणि हसत हसत निघून गेली.

पुढच्या वेळी ती आली तेव्हा डॉक्टरबाईंनी खुर्ची तिच्या जवळ ओढून घेतली. क्लॅमिडिया नावाचा संसर्ग झाला होता. तो शरीरसंबंधातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. तरुण मुलींमध्ये बराच आढळतो आणि बहुतेकींना कळतही नाही, कारण ना ताप येतो ना काही दुखतं. महिनोन्‌महिने तो गुपचूप बसून राहू शकतो. दुर्लक्ष केलं तर गर्भनलिकांना इजा होते, आणि मग दिवस राहायला अडचण येऊ शकते. पण औषध साधं आहे, आठवड्याभराच्या गोळ्या. त्या नवऱ्यानेही घ्यायच्या, दोघांच्या गोळ्या पूर्ण होईपर्यंत जवळ यायचं नाही, आणि तीन महिन्यांनी तपासायला परत यायचं.

"हे कुणाकडून आलं ते कळतं का?" चष्मेवालीने विचारलं.

डॉक्टरबाईंनी मान हलवली. कधी आलं, कुणाकडून आलं, हे तपासणी सांगत नाही, म्हणाल्या. घरी सांगायला अवघड जाईल का, असंही त्यांनी विचारलं. चष्मेवाली म्हणाली, सांगेन की. पण माझं कापड तिने मुठीत इतकं आवळलं होतं, की मला तेव्हाच तिच्या बोलण्याचा भरवसा वाटला नाही.

तीन महिन्यांनी ती सांगितल्याप्रमाणे आली, हे तिचं शहाणपण. ओटीपोटात बारीक दुखतंय, असंही तिने सांगितलं. तपासणी झाली. काही दिवसांनी निकाल आला. संसर्ग पुन्हा होता.

"गोळ्या लागू पडल्या नाहीत का? मी एकही चुकवली नव्हती," ती म्हणाली.

"लागू पडल्या होत्या गं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण घरात तुम्ही दोघं, आणि औषध एकटीनेच घेतलंस ना?"

तेव्हा तिचा बांध फुटला. सिस्टर बडबड थांबवून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि हळूहळू सगळं बाहेर आलं. लग्नाआधी तिचा एक मित्र होता. नवऱ्याला ते ठाऊक नव्हतं. आजाराचं नाव ऐकल्याबरोबर तिला वाटलं, हे आपल्याच मागच्या दिवसांतून आलंय. तोंड उघडलं तर संसार मोडेल. तिने गोळ्या चष्म्याच्या रिकाम्या डबीत ठेवल्या आणि दुकानात जेवणाच्या सुट्टीत घेतल्या. घरी पाठदुखीचं निमित्त सांगून तो आठवडा निभावला. नवरा बिचारा रोज तिची पाठ शेकून देत होता. त्या शेकाने माझा जीव अर्धा झाला, असं ती म्हणाली.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. पण लपवूनही ठेवलं नाही. एकदा बरं झालं म्हणजे हा आजार परत होत नाही, असं नाही. आणि दर खेपेला आत इजा होण्याची भीती वाढते. पोटात दुखतंय म्हणून या वेळी औषध जास्त दिवसांचं आणि एक इंजेक्शनही. आत काही बिघडलंय का, ते आज खात्रीने सांगता येणार नाही, पण वेळेत आली आहेस. त्याला बोलावून घे, मी सांगते, म्हणाल्या.

चष्मेवालीने डोळे पुसले. "मीच सांगेन. पण इथे. घरी माझी जीभ उचलायची नाही."

दुसऱ्या दिवशी नवरा आला. तो घरं रंगवायचा. कानाच्या पाळीला निळा ठिपका, बुटांवर साती रंगांचे शिंतोडे. बायकोला काही गंभीर झालंय या धास्तीने तो जिने पळत चढला होता. सिस्टरांनी "या जावईबापू" म्हणून पाणी दिलं, ते त्याने उभ्यानेच प्यायलं.

डॉक्टरबाईंनी त्याला माझ्याआड, खाटेवर बसलेल्या चष्मेवालीसमोर बसवून आजार समजावला. मग चष्मेवाली बोलली. मित्राचं सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं, पाठदुखीचंही सांगितलं. एकदाही थांबली नाही, कारण थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

रंगारी उठला आणि माझ्या कडेने बाहेर गेला. चष्मेवालीने चेहरा ओंजळीत झाकला. सिस्टर पुढे झाल्या, पण डॉक्टरबाईंनी हातानेच त्यांना थांबवलं. कारण माझ्या खालच्या मोकळ्या जागेतून ते रंगलेले बूट दिसत होते. ते दाराकडे गेले नव्हते. माझ्या पलीकडे, अगदी कापडाला लागून, थबकले होते.

मग पलीकडून त्याचा आवाज आला.

"तुझ्या तोंडाकडे बघून मला सांगता येणार नाही, म्हणून इथून सांगतो. तुझ्याआधी माझंही एकीशी होतं. तेव्हा लघवीला जळजळ झाली होती. दुकानातून गोळ्या आणल्या, दोन दिवस घेतल्या, बरं वाटलं आणि सोडून दिल्या. डॉक्टरकडे जायची लाज वाटली."

चष्मेवालीने ओंजळ खाली घेतली.

"हे तुझ्याकडून माझ्याकडे आलं की माझ्याकडून तुझ्याकडे, देव जाणे," तो म्हणाला. "पण दुसऱ्यांदा झालं ना, ते माझ्याकडूनच झालं. तू तर औषध घेतलं होतंस."

चष्मेवालीने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्यापलीकडे. रडता रडता तिच्या ओठांवर हसू आलं. "आत ये ना," ती म्हणाली. "तिथे किती वेळ उभा राहणार आहेस?"

तो आत आला आणि तिच्याजवळ खाटेवर टेकला. मग दोघांत शब्दाला शब्द लागला, नाही असं नाही. तिला राग होता की त्याने अर्धवट गोळ्या टाकून दिल्या. त्याला वाईट वाटत होतं की आठवडाभर तिने खोटी पाठ शेकून घेतली. पण दोघं एकाच खाटेवर बसून भांडत होते. डॉक्टरबाईंनी त्यांना भांडू दिलं, मग दोघांची औषधं लिहून दिली, आणि संबंध कधीपर्यंत टाळायचे आणि कंडोम कसा वापरायचा तेही सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, "जावईबापू, गोळ्या संपल्या की रिकामी पाकिटं आणून दाखवायची. तुमचा पूर्वीचा लौकिक मी आत्ताच ऐकलाय." रंगारी कानापर्यंत लाल झाला.

त्याने पाकिटं खरोखर आणून दाखवली. पुढच्या तीन महिन्यांनंतर चष्मेवालीची तपासणी झाली, त्याचीही करवून घेतली होती. दोघांचे निकाल स्वच्छ आले. पोटातलं दुखणंही कधीच थांबलं होतं. मूल होईल की नाही, हे डॉक्टरबाईंनी छातीठोकपणे सांगितलं नाही. आशा धरायला काहीच हरकत नाही, एवढंच म्हणाल्या. ती दोघं जिना उतरताना एकमेकांना काहीतरी सांगून हसत होती. काय, ते मला ऐकू आलं नाही, आणि ते बरंच झालं.

काही दिवसांनी चष्मेवाली आपल्या दुकानातल्या एका लाजऱ्या मैत्रिणीला हाताला धरून घेऊन आली. मैत्रीण दारातच अडली. चष्मेवाली तिला म्हणाली, "चल गं. मी दोनदा जाऊन आलेय या वाटेने. माझा वेळ गेला, तुझा नको जायला." आणि तिला माझ्याआड बसवून स्वतः बाहेर राखणीला उभी राहिली.

पुढे दवाखाना मोठ्या इमारतीत गेला. तिथे प्रत्येक खोलीला दार आणि दाराला आतून कडी. माझं काम संपलं. काही दिवस मी जिन्याखाली धूळ खात पडलो होतो. आता गच्चीवर असतो, आणि माझ्यावर धुतलेल्या चादरी वाळत घालतात. सिस्टर कपडे काढायला आल्या की म्हणतात, यानं आमच्या किती पोरींची अब्रू राखली. ते ऐकून मला बरं वाटतं, पण पूर्ण खरं वाटत नाही. अब्रू जाण्यासारखं त्या पोरींनी काही केलंच नव्हतं. त्या आजारी होत्या, एवढंच.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही, माझं वय झालं. तुम्ही मोठे व्हाल, कुणावर जीव लावाल. तेव्हा काही दुखत नसलं तरी तपासून घ्या. औषध दोघांनी घ्या, पुरतं घ्या, आणि सांगितलेल्या दिवशी परत तपासायला जा. आणि तुमचं माणूस कधी अवघड गोष्ट सांगायला लागलं, तोंड फिरवून, अडखळत, आडून-आडून, तर मध्ये बोलू नका. त्याचं सगळं सांगून होऊ द्या. रागवायला पुढे पुष्कळ दिवस असतात.