मरणाचं पाणी

"गेला, गेला! कल्ले थांबले बघ!"

अख्खी इमारत आमच्या बाहेरच्या खोलीत कोंबली होती. दारात चपलांचा ढीग, सोफ्याच्या हातांवर बायका आणि मधोमध टीपॉयवर काचेचा वाडगा. सासूबाईंनी बोलावलेल्या मांत्रिक बाबाने एका थर्मासातलं "मरणाचं पाणी" त्यात ओतलं आणि माझ्या लेकीचा सोनेरी मासा हळूहळू आडवा झाला.

"झाकण घट्ट का, विचारा!" बाबा गरजला. "शक्ती उडून जाते!"

माझ्या चहाची वाफही अशीच उडून जाते, पण ते कोण ऐकणार?

माशाची शेपूट जराशी फाटली होती आणि त्याच दिवसांत लेक झोपेत किंचाळू लागली. सासूबाईंनी दोन्हीची गाठ मारली. "घरात काहीतरी शिरलंय. आधी माशाला चावलं, आता पोरीला धरलंय."

"आई, वाडग्यातला शंख धारदार आहे. त्यावर फाटली शेपूट. आणि पोरीला मासा मरेल याची धास्ती आहे."

"कॉलेजात हेच शिकवलं वाटतं!"

तर आता मासा निपचित. वाडगा बाहेरून धुरकटला. सासूबाईंना काचेवर डाग खपत नाही. त्यांनी फडक्याने पुसला. तो पुन्हा धुरकटला. "अगंबाई, किती गार!"

"मरणाचा घाम आहे तो, माई. हात काढा!"

घाम? फ्रीजमधली बाटली ओट्यावर ठेवली की तिलाही असाच सुटतो. मी पुढे सरकले, तोवर बाबाने दुसरा थर्मास उपडा केला. शेपूट हलली. मासा उलटा-सुलटा होत पोहू लागला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"माशातून निघालं! आता पोरीतून काढतो."

बाबाची छडी सपकन लेकीच्या पाठीवर बसली.

"आईऽऽ!"

शेजारणींनी माझे दोन्ही दंड आवळले. "थांब गं, ती ओरडत नाहीये, आतलं ओरडतंय!"

मी एकीच्या मनगटाला कडकडून चावले आणि सुटले. दुसरी छडी माझ्या हातावर आली, कातडी फाटली. बाबाने माझे केस धरून मला टीपॉयवर आपटलं. वाडगा हेलकावला. हाताला पहिला थर्मास लागला, तो मी जीव खाऊन त्याच्या तोंडावर हाणला. नाकातून रक्त उडालं, झाकण निघालं आणि फरशीवर खळखळत बर्फाचे खडे पसरले.

सासूबाईंनी एक खडा उचलला. "हा तर बर्फ!"

"तुमच्या अविश्वासाने शक्ती गोठली!" बाबा नाक दाबत म्हणाला.

"गारठ्याने मासा सुन्न होतो, आई. कोमट पाण्याने हलतो. नशीब असेल तरच."

सासूबाईंनी छडी गुडघ्यावर मोडली. मग "मारा त्याला!" म्हणत तेच लोक बाबावर तुटून पडले. मी लेकीला पोटाशी धरून ओरडले, "हात आवरा! पोलिसांना बोलवा!" तोवर त्याचा सदरा फाटला होता.

शंख मी कचऱ्यात टाकला. वाडग्यातलं पाणी थोडंथोडं काढून रात्रभर उघडं ठेवलेलं स्वच्छ पाणी घालते. शेपटीला पारदर्शक नवी कड फुटतेय. लेकीच्या पाठीवरचा वळ मात्र अजून काळानिळा आहे. सासूबाई रोज त्याला मलम लावतात.

मला धरणाऱ्या हातांपैकी एक जरी वेळेवर त्या थर्मासात गेला असता, तर तो वळ उठला नसता. चमत्कार दिसला की टाळी नंतर वाजवा. आधी हात लावून बघा.