खोली सोडणार नाही

मित्रांनो, मी एक म्हातारा सायक्लोट्रॉन आहे आणि एका माणसावर डूख धरून आहे. माणसाचं नाव डॉ. क्रिस्पिन हॅकेट. त्याला माझी खोली हवी होती आणि मला ती द्यायची नव्हती. खरं म्हणजे माझं सगळं आत्मवृत्त एवढंच आहे, पण रीत म्हणून जन्मापासून सांगतो.

माझं अंग म्हणजे एक अवाढव्य चुंबक. जात्याच्या तळ्या असाव्यात तसे दोन लोखंडी भाग एकावर एक, मध्ये फट, आणि फटीत तांब्याच्या दोन पोकळ पेट्या. हायड्रोजनचे कण माझ्या मधोमध जन्मतात. चुंबक त्यांना सरळ जाऊ देत नाही, गोल फिरवतो. एका पेटीतून दुसरीत जाताना त्यांना विजेचा धक्का बसतो. धक्क्याने वेग वाढतो, वेगाने वर्तुळ वाढतं, आणि फिरत फिरत ते कडेला पोचतात. तिथून बाहेर पडून ते चमचाभर पाण्यावर आदळतात. त्या पाण्यात जे तयार होतं ते वरच्या मजल्यावर पेशंटांना टोचतात, म्हणजे अंगातला कॅन्सर फोटोत दिसतो. हे औषध दोन तासांत अर्धं विरतं. म्हणून ते पावासारखं रोज सकाळी ताजं करायचं.

अ‍ॅडलेडच्या एका हॉस्पिटलच्या तळघरात मला क्रेनने उतरवलं आणि मग वर छप्पर घातलं. टाळ्या वाजल्या, लॅमिंग्टन नावाचे चॉकलेट-खोबऱ्याचे केक वाटले गेले. मला कोणी दिला नाही, पण तो राग मी कधीच सोडून दिला.

मला चालवायची ती रेलीन. गळ्यात बाराही महिने फुटबॉल टीमचा मफलर. देवळाबाहेर चपला काढाव्यात तशी ती दाराबाहेर घड्याळ, किल्ल्या, बँकेचं कार्ड काढून ठेवायची, नाहीतर मी ओढून घ्यायचो किंवा पुसून टाकायचो. आत आली की म्हणायची, "काय रे म्हाताऱ्या, झोप झाली का?" तेव्हा मी ऐन तारुण्यात होतो. तरी मी मनाला लावून घेतलं नाही.

मग हॅकेट साहेब होऊन आला. पहिल्याच दिवशी माझ्यासमोर, मी ऐकत असताना, म्हणाला, "हे अजून चालतं?"

पुढे माझ्या मध्यभागी झीज झाली आणि कणांची धार एका अंगाला सरकली. रेलीन त्याला म्हणाली, "क्रिस्पिन, धार घासतेय रे. निम्मे कण आतच आपटतायत. मधला भाग बदलून दे."

"औषध मिळतंय ना?"

"मिळतंय, पण…"

"मग दुप्पट कण सोड. निम्मे आपटू देत. भंगारात जाणाऱ्या गाडीला कोणी नवे टायर घालतं का?"

"मी टायर नाही मागत, ब्रेक मागतेय."

"रेलीन, तू फार भावुक आहेस बुवा."

मित्रांनो, मला शिव्या देता येत नाहीत, हात उगारता येत नाही. मला एकच गोष्ट येते, साठवणं. आपटलेला कण वाया जात नाही. तो तांब्यात, लोखंडात, अगदी भिंतीच्या काँक्रीटमध्येही किरणोत्सर्ग पेरून जातो. माणूस अपमान गिळतो आणि चहा पिऊन विसरतो. मी गिळला आणि जपून ठेवला. एखाद्या सकाळी मी बंद पडू शकलो असतो, पण पेशंटांशी माझं काही भांडण नव्हतं. मी रोज पुरेपूर औषध दिलं. हॅकेट खूश. "बघ, म्हणालो नव्हतो?" असं तो रेलीनला म्हणायचा, आणि प्रत्येक वेळी मी आणखी थोडा तापायचो.

माझ्या जागी बसवायचं नवं यंत्र जहाजावर चढलं तेव्हा हॅकेटने मला बंद करवलं. छप्पर फोडायला माणसं आली, भंगारवाला डॅरल ट्रक घेऊन आला. किरणोत्सर्ग मोजणारा थान व्हू मीटर घेऊन आत शिरला आणि गेला त्याच्या दुप्पट वेगाने बाहेर आला.

"हे कुठेही जात नाही," तो म्हणाला.

"का? जड आहे?"

"तापलंय."

"मग पंखा लाव!"

डॉक्टरने पेशंटकडे बघावं तसं व्हूने त्याच्याकडे पाहिलं. "किरणोत्सर्गाने, क्रिस्पिन. भिंतीसुद्धा. वय झालं की थोडा असतोच, पण एवढा? धार कोणी घासू दिली इतकी?"

रेलीन छताकडे बघत होती. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

"किती दिवस थांबायचं?" हॅकेटने विचारलं.

"दिवस?" व्हू म्हणाला. "तुझी मुलगी कितवीत आहे?"

"दुसरीत."

"तिला नोकरी लागू दे, मग बघू."

"अरे, पण जहाज निघालंय!"

"जहाज येईल की. त्याला कोण अडवतंय?"

डॅरल डोकं खाजवत म्हणाला, "मी आलोच आहे तर दुसरं काही नेऊ का?"

नव्या यंत्राचं वजन पेलेल अशी जमीन साऱ्या हॉस्पिटलात आणखी एकाच ठिकाणी निघाली. पुढच्या आठवड्यात डॅरल परत आला आणि हॅकेटचं ऑफिस घेऊन गेला. हॅकेट आता धोबीखान्याशेजारी पत्र्याच्या केबिनमध्ये बसतो. अ‍ॅडलेडचा उन्हाळा पत्र्याखाली काय असतो ते त्यालाच विचारा. रेलीन नवं यंत्र चालवते. ते तरुण आहे, ती त्यालाही म्हातारा म्हणते.

तेव्हा मित्रांनो, यंत्राचा झिजलेला भाग वेळेवर बदला आणि ते चालवणाऱ्या बाईचं ऐका. आम्हाला उपकार फारसे आठवत नाहीत, खरं सांगायचं तर. बाकीचं मात्र अंगात राहतं.

माझ्या खोलीला आता कुलूप आहे. नियमाने वरिष्ठाने दरवर्षी जातीने येऊन मला बघायचं असतं. पूर्वी हॅकेट बोलावूनही येत नसे. परवा तो व्हूबरोबर आला, दारातच थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "कमी झालं का रे काही?"

व्हूने मीटर पुढे धरला. मीटर टकटक टकटक वाजत राहिला. व्हूला वाटलं, ते मोजमाप आहे. मित्रांनो, मी हसत होतो.