वीतभर तुरपाई

"बाई, बसा की घटकाभर. तुमच्याकडे बघून मलाच गरगरायला लागलंय," आमच्या वर्गाची झाडलोट करणारी मावशी म्हणाली, तेव्हा मी शिवताना बोटात घालायच्या अंगुस्तानांचा डबा चौथ्यांदा लावत होते. अंगुस्तानं चौदा, मुलं चौदा. त्यात लावण्यासारखं काही नव्हतं. पण माझ्या पायाला भिंगरी आहे असं सासूबाई म्हणायच्या, आणि हात तर पायांच्याही वरताण. रिकामे राहिले की काहीतरी उद्योग करून ठेवतात. काल संध्याकाळी या हातांनी केलेला उद्योग या क्षणी परीक्षक बाईंच्या टेबलावर, घड्या घातलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यात, वरून अकरावा होता.

सव्वीस वर्षं मी या शाळेत गृहशास्त्र शिकवते. स्वयंपाक, शिवण आणि घरातल्या माणसांची देखभाल. विषय ऐच्छिक, म्हणून शिक्षकखोलीत त्याला 'भाजी-बटणाचा तास' म्हणतात. म्हणोत बापडे. शर्टाचं बटण तुटलं की तेच लोक दाराशी येऊन उभे राहतात.

शेवटच्या प्रात्यक्षिक परीक्षेचा शिरस्ता असा, की घरातल्या कुणा एकासाठी प्रत्येकाने वर्षभरात एक कपडा शिवायचा. परीक्षेच्या दिवशी नऊ ते बारा वेळ. आधी मुलं सूप आणि उकडलेल्या भाज्या करतात, मग ती भांडी घासत असताना बाहेरून आलेल्या परीक्षक कपडे तपासतात. कपडा अपुरा असेल तर तो तपासतच नाहीत. म्हणजे नापास.

अकराव्या नंबरच्या मुलीला सगळी शाळा 'घड्याळ' म्हणते. तासाला बसली की दर पाच मिनिटांनी भिंतीवर बघणार. घरी आई पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेली, तिचं खाणंपिणं, कूस बदलणं सगळं हिच्यावर. आजारी माणूस पलंगावर असताना चादर कशी बदलावी हे मी पुस्तकात बघून सहा पायऱ्यांत शिकवलं, तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाई, तीन पुरतात," आणि मावशीला टेबलावर झोपवून करून दाखवलं. त्या दिवसापासून मी तो धडा तिच्याच पद्धतीने शिकवते. तिला रुग्णसेविकेच्या शिक्षणाला जायचं होतं आणि तिथे या विषयात पास असणं सक्तीचं.

आईसाठी ती मागून उघडणारा गाऊन शिवत होती. कापणं झालं, शिवण झाली, नाड्या लागल्या. पण शेवटच्या आठवड्यात आईला ताप आला, ही शाळेतच आली नाही, आणि खालच्या घेराची हाताने करायची तुरपाई तशीच राहिली. काल चहा झाल्यावर शाळेतून आणलेला तो गाऊन पिशवीतून काढून मी खिडकीशी बसले. आमचे हे म्हणाले, "कुणाचं काम करतेयस?" मी म्हटलं, कुणाचं नाही. त्यांनी चष्म्यावरून एकदा बघितलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. दिवे लागायच्या आत काम झालं. टाके इतके नेटके पडले होते की मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

आज सकाळी लवकर येऊन गाऊन कपाटात ठेवला आणि मी सामान आणायला बाजारात गेले. नऊच्या आत कपड्यांना इस्त्री करायचं काम घड्याळकडेच होतं. तिला कळलंच असणार, पण नऊ वाजता मी वर्गात आले तेव्हा ती गाजरं किसत होती आणि तिने मान वर केली नाही. लाजली असेल, असं मी धरून चालले.

परीक्षक बाई शांत होत्या, जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या. सव्वाअकराला त्यांनी पहिला कपडा हातात घेऊन सरळ उलटा केला आणि तुरपाईवरून बोट फिरवलं. दुसरा घेतला, तिसरा घेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सगळ्यांचे टाके एकाच बाजूला कललेत. छान हात बसवलाय तुम्ही."

मी डावखुरी आहे. म्हणून मी मुलांच्या शेजारी बसून शिवण शिकवत नाही, समोर बसते. माझा डावा हात तो त्यांचा उजवा, आरशातल्यासारखा. त्यामुळे त्यांचे टाके एका बाजूला कलतात आणि माझे बरोबर उलट्या. सव्वीस वर्षांत मुलांच्या कपड्याला मी कधी सुई लावली नव्हती, म्हणून हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

चौथा, पाचवा. मी खिडकी उघडली, लावली. सहाव्याला दोऱ्याची रिळं रंगाप्रमाणे लावली आणि विस्कटली. परीक्षक बाई मधेच म्हणाल्या, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, उकडतंय. उकडत नव्हतं. मला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा स्वतःची लाज जास्त. पकडली जाणार होते मी, पण नापास होणार होती ती. ही लबाडी तिने केली नव्हती, माझ्याकडे मागितलीही नव्हती. आठवा, नववा. दहावा कपडा बाजूला गेला आणि त्यांचा हात गाऊनकडे वळला, तेव्हा माझे पाय आपोआप टेबलाशी गेले.

"मॅडम, तो उलगडायच्या आधी ऐका," मी म्हटलं. "त्याची तुरपाई मी केलीय. तिला न विचारता. काय असेल ते माझ्या नावावर लिहा."

मोरीवरचा भांड्यांचा आवाज थांबला. परीक्षक बाईंनी माझ्याकडे बघितलं, गाऊन उलटा केला आणि तुरपाईवरून बोट फिरवलं. "ही?" त्या म्हणाल्या. "ही तुमची असेल तर इतकी वर्षं तुम्ही शिकवलंत तरी काय?"

मी वाकून पाहिलं. टाके वाकडेतिकडे होते. कुठे जवळजवळ, कुठे लांब, एका जागी रक्ताचा बारीक ठिपका. पण सगळे मुलांसारखेच कललेले. आणि शेवटची वीतभर दुमड नुसती टाचण्यांवर होती.

साबणाचे हात तसेच धरून घड्याळ पुढे आली. "बाईंनीच केली होती," ती म्हणाली. "इस्त्री करताना दिसली. मी उसवली आणि परत केली. वेळ पुरला नाही."

"चांगली होती ती. का उसवलीस?"

तिने हात फ्रॉकला पुसले. "आईला सांगितलंय ना, सगळा मीच शिवलाय म्हणून."

मला तिथेच रडू आलं असतं, पण परीक्षक बाईंनी भिंतीवर बघितलं. बाराला वीस कमी होते. परीक्षेची वेळ संपलेली नाही, त्या तिला म्हणाल्या, तोवर काम पुरं करता येईल. मग माझ्याकडे वळल्या. आवाज मऊच होता. "तुम्ही सांगितलंत ते मी ऐकलंय. मला ते लिहावं लागेल. पुढच्या वर्षी परीक्षेचा वर्ग तुमच्याकडे राहणार नाही बहुतेक."

"लिहा," मी म्हटलं.

"आणि आता तिच्या समोर बसा. हात टेबलावर ठेवा, मला दिसतील असे."

मी बसले. नेहमीच्या जागी, नेहमीच्या अंतरावर, फक्त हातात सुई नव्हती. तिने दोरा ओवला. टाके सावकाश पडत होते, काही बरे, काही लांब. चार बोटं झाल्यावर दोऱ्याला गुंता पडला. तिने ओढला तर तुटणार हे मला दिसत होतं, आणि माझा डावा हात टेबलावरून उचलला गेला. मी तो उजव्या हाताखाली दाबून धरला. ती थांबली, श्वास घेतला आणि सुईच्या टोकाने गुंता सोडवला. असा सोडवायला मीच शिकवलं होतं तिला, मागच्या वर्षी.

भिंतीवरचं घड्याळ माझ्या डोक्याच्या बरोबर वर होतं. मान उचलली असती तर तिला दिसलं असतं. त्या वीस मिनिटांत तिने एकदाही वर बघितलं नाही.

शेवटची टाचणी निघाली. तिने गाठ मारली, दोरा कापला आणि दोन वर्षांच्या सवयीने गाऊन माझ्यापुढे धरला. मी हात टेबलावरून उचलले नाहीत.

"मॅडमना दाखव," मी म्हटलं.