निळ्या पेशी

"परत बघ," ताई म्हणाली. मी परत बघितलं. सगळं निळंच.

थांबा, नीट सांगते. ताई म्हणजे आमच्या पेशी गोठवायच्या लॅबमधली सगळ्यात जुनी टेक्निशियन. आम्हा सगळ्यांवर खेकसणारी! काचेखाली तिच्या धाकट्या भावाच्या पेशी होत्या. आजार उलटला तर परत त्याच्या अंगात सोडायच्या, म्हणून तिनेच गोठवलेल्या. आणि आजार उलटलाच ना! दुसऱ्या कुणाच्या पेशी जुळतही नव्हत्या. म्हणून आज एक नळी वितळवून तपासत होतो.

आता कसं असतं, पेशीभोवती पातळ पडदा असतो. चरबीच्या कणांचे दोन थर, डोकी बाहेर, शेपट्या आत, आणि मधेमधे प्रथिनांची दारं. पेशी जिवंत असली की निळ्या रंगाला आत घेतच नाही. मेलेलीचा पडदा फाटलेला, रंग सरळ आत.

"डबा रिकामा नव्हता गं त्या दिवशी," ताई एकदम म्हणाली.

आमच्याकडे हळूहळू गार करणारा डबा असतो, नळ्या आधी त्यात ठेवायच्या. घाई केली की आतल्या पाण्याचे बर्फाचे काटे होतात आणि पडदा फाडतात. हे आम्हाला घोकवलं कुणी? ताईनेच!

"मग थांबायचंस ना," माझ्या तोंडून निघून गेलं.

"गोठवायचं द्रावण मिसळून झालं होतं. त्यात बाहेर राहिल्या तर मरतील म्हणून जीव खालीवर झाला. दुसऱ्या कुणाच्या असत्या तर डोकं ठिकाणावर राहिलं असतं. मी सरळ खोल थंडीत टाकल्या."

"सगळ्या नळ्या?"

"सगळ्या."

बाहेर बाकावर तिचा भाऊ बसला होता, टोपी कानापर्यंत ओढून. आम्हाला बघून हसला.

"काय हेडबाई, उठले का माझे झोपाळू?"

ताई त्याच्या शेजारी बसली. "नाही रे उठले. चूक माझी आहे. घाई केली मी."

मला वाटलं, आता हा ओरडणार. ओरडावं असंही वाटत होतं मला, खरं सांगते.

तो म्हणाला, "हात बघ किती गार पडलेत तुझे."

आणि त्याने ते आपल्या हातांत घेतले. चोळले नाहीत. ऊब येईपर्यंत नुसते धरून बसला.