मांडीवरचं गाडगं

ऋतुराज सुटीच्या दिवशी सकाळपासून अंगणात गाडीखाली आडवा असायचा. माझा हा नातू वाळूजला कंपनीत आहे, पण घरी आला की हातात पाना. जुने स्प्रिंग आणि शॉकअप काढून त्यानं नवे, कडक बसवले. गाडी चांगली चार बोटं खाली आली.

"आता वळणावर गाडी जराही झुकत नाही, आजी."

"मी झुकते, त्याचं काय?"

त्या रविवारी पाचोडला धाकट्या बहिणीकडं, भामाबाईकडं, जाऊन आले आणि कंबर धरून बसले. सून मेघा म्हणाली, "आई, आता पाचोड बंद." भामाबाईची भेट बंद झाली तर मला राहिलं काय? हळू चालव म्हटलं की ऋतुराज मान हलवायचा आणि झाल्टा फाटा ओलांडला की विसरायचा.

मग मला वडील आठवले. माणसं बसवायची हलकी बैलगाडी, दमणी, ते घेणार होते. विरजण घातलेल्या दुधाचं गाडगं त्यांनी माझ्या मांडीवर दिलं आणि त्या दमणीतून दिवसभर मला शिवारात फिरवलं. हिसके बसले की दही लागत नाही. लागलं तर दमणी घ्यायची.

हे मी ऋतुराजला सांगितलं. "जमंल का तुझ्या स्प्रिंगांना?"

"लाव पैज," तो म्हणाला. "दही नाही लागलं तर जुने स्प्रिंग परत बसवतो."

पुढच्या रविवारी फडकं बांधलेलं गाडगं मांडीवर घेऊन मी पुढं बसले. निजलेलं लेकरू न्यावं तशी त्यानं गाडी नेली. आडूळच्या अलीकडं उसाचा ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून गेला. ऋतुराजचा मित्र अभय मोटारसायकलवरून शेजारी आला.

"काय रे, पेट्रोल संपलं का?"

"गप. दही लागतंय."

अभय बराच वेळ मागं वळून बघत गेला.

पाचोडला भामाबाईनं फडकं सोडलं, गाडगं तिरपं केलं. दही जागचं हललं नाही. ऋतुराज आईला फोन लावायला बाहेर पळाला.

"आक्का, दोन तासांत दही?" भामाबाई हळूच म्हणाली.

"कालच लावलं व्हतं."

"मग नुसतं दूध आणायचं. जुने स्प्रिंग आले असते."

"लई उन्हात राबलंय गं पोरगं. ऱ्हाऊ दे त्याचे स्प्रिंग. मला त्याचा पाय हलका पाहिजे व्हता."

तेवढ्यात ऋतुराज छाती काढून आत आला. भामाबाईनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"एकदा काय, कुणाचंबी लागतं. पुढच्या रविवारी कढी आण. काठोकाठ."

"आणतो की, मावशीआजी."

परत जाताना काय करायचं, ही चिंता मला होतीच. पण आम्ही गाडीत बसलो तशी भामाबाई आली आणि ताकानं गच्च भरलेलं गाडगं तिनं माझ्या मांडीवर ठेवलं.